पन्नास सह्यांचा सभासद

निवडणुकीचा हंगाम जवळ आला म्हणजे शहरांतील प्रत्येक पेठेंत सभा भरूं लागतात. कोठें नळास पाणी नाहीं, कोठें गटार फुटलें आहे, कोठें शाळेस जागा नाहीं. आणि या सर्व गाऱ्हाण्यांच्या शेवटीं एक उमेदवार उभा राहून ‘मी आपणां सर्वांच्या वतीनें बोलत आहें’ असें सांगतो. ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोडे लोक मनांत विचारतात कीं, हा ‘सर्वांच्या वतीनें’ बोलण्याचा अधिकार या गृहस्थास कोणी दिला, केव्हां दिला, आणि त्याचा कागद कोठें आहे? श्रोतेहो, हा प्रश्न नुसता खोडसाळपणाचा नाहीं. एके काळीं पुणें शहरांत याच प्रश्नाच्या उत्तरादाखल एक संबंध संस्था उभी राहिली, आणि पुढील पंचवीस वर्षें महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचें सूत्र बहुतांशीं तिच्या हातीं राहिलें. ती संस्था म्हणजे २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेली पुणें सार्वजनिक सभा.

आरंभ झाला तो पर्वतीच्या देवस्थानापासून. पेशव्यांनीं उभारलेल्या या संस्थानाचा कारभार इंग्रजी अमलांत पंचांकडे होता, आणि त्या कारभाराविषयीं गांवांत बरीच कुरकुर चालूं होती. कुरकुर करणें हा पुणेकरांचा वडिलोपार्जित हक्कच आहे; तिला कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु तीच कुरकुर कागदावर उतरवून सरकारापुढें मांडावयाची म्हटली म्हणजे पहिली अडचण अशी उभी राहते कीं, अर्ज करणारे तुम्ही कोण? तुम्ही पंच नव्हां, पुजारी नव्हां, संस्थानचे नोकर नव्हां. मग तुमचा या कारभाराशीं संबंध काय? ‘आम्ही पुण्याचे लोक’ हें उत्तर घरांत बसून देण्यास ठीक आहे, पण कायद्याच्या दृष्टीनें तें उत्तरच नव्हे. पुण्यांत १८६७ सालीं ‘पूना असोसिएशन’ या नांवाची एक मंडळी निघालेली होती. परंतु अशा मंडळींत चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र जमत आणि जें त्यांस वाटे तेंच लोकांस वाटतें असें समजत. सरकारासही हें ठाऊक होतें. मूठभर शिकलेल्यांचें मत म्हणजे लोकमत नव्हे, हा टोमणा इंग्रज अधिकारी पुढेंही पुष्कळ वर्षें मारीत राहिले; आणि तो सर्वस्वीं खोटा होता असेंही म्हणवत नाहीं.

या टोमण्यास उत्तर शोधणारे गृहस्थ म्हणजे गणेश वासुदेव जोशी. हे साताऱ्याकडचे, पुण्यास येऊन वकिली करीत. पक्षकाराच्या वकीलपत्रावांचून वकिलास कोर्टांत तोंड उघडतां येत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या हाडींमासीं खिळलेली असली पाहिजे. कारण सार्वजनिक कामासही त्यांनीं तोच नियम लाविला. ज्यास सभेचें सभासद व्हावयाचें असेल त्यानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. सह्या करणारे कोणत्याही जातीचे वा धर्माचे असोत, पण सार्वजनिक बाबतींत या मनुष्यानें आमच्या वतीनें बोलावें व वागावें असें त्यांनीं लिहून दिलेलें असावें. वर्गणी भरली, नांव नोंदविलें, आणि सभासद झाला, असें येथें चालावयाचें नव्हतें. प्रथम पंचाणव सभासद झाले आणि त्यांच्या मागें सुमारें सहा हजार माणसें होतीं असें नमूद आहे. प्रत्येकीं पन्नासच्या हिशेबानें पावणेपांच हजार सह्या पुरेशा होत्या; म्हणजे पुष्कळांनीं नेमक्या पन्नासावर न थांबतां अधिक सह्या मिळविल्या, हें उघड होतें.

आज पन्नास सह्या ही फार मोठी गोष्ट वाटणार नाहीं. परंतु १८७० सालची स्थिति ध्यानांत घ्यावी. त्या वेळीं मुंबईच्या म्युनिसिपालटींतही लोकांनीं निवडलेले सभासद नव्हते. तेथें १८७२ चा कायदा होऊन चौसष्ट जागांपैकीं निम्म्या जागा कर भरणाऱ्यांच्या मतांनीं भरावयाचें ठरलें, तें यानंतर. पुण्याच्या म्युनिसिपालटींत सरकारनें नेमलेले लोक बसत. कायदे कौन्सिलांत तर निवडणूक हा शब्दच नव्हता. अशा काळीं एक वकील लोकांस सांगतो कीं, आधीं शेजाऱ्याच्या ओट्यावर जा, त्यास प्रश्न समजावून सांगा, त्याची सही घ्या, आणि मग सभेंत येऊन बोला. सही देणारा मनुष्यही त्या काळीं सहजासहजीं सही देत नसे. कोऱ्या कागदावर वा न समजलेल्या मजकुराखालीं केलेली सही सावकाराच्या दारीं काय करते, याचा अनुभव घरोघर होता. म्हणजे पन्नास सह्या मिळविण्यास पन्नास वेळां तरी विषय नीट फोड करून सांगावा लागला असणार. आणि सभेचें पहिलें शिक्षण तें तेथेंच झालें.

सभेचे पहिले अध्यक्ष औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि. छत्रपतींच्या दरबारांतून वंशपरंपरेनें आलेला ‘प्रतिनिधि’ हा किताब धारण करणारा पुरुष, सह्या गोळा करून झालेल्या प्रतिनिधींच्या सभेचा अध्यक्ष व्हावा, हा योग मोठा गमतीचा खरा. सरदार, इनामदार, सावकार, पेन्शनर, वकील, शाळामास्तर अशी मंडळी सभेंत होती. आणि जोशी यांनीं आपला व्यवसाय संभाळून या कामास इतकें वाहून घेतलें कीं, गांवानें त्यांस ‘सार्वजनिक काका’ हेंच नांव दिलें.

आतां या रचनेंतील उणीव झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. सही कोणत्याही जातीच्या मनुष्याची चालत होती. पण सह्या घेऊन सभेंत बसणारे बहुतेक ब्राह्मण होते, आणि उरलेल्यांत पैसेवाल्यांचा भरणा अधिक. त्याच पुण्यांत जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि सार्वजनिक सभेवर त्यांनीं जी कडक टीका केली तिचा मथितार्थ हाच होता कीं, नांव सार्वजनिक आहे खरें, पण शेतकरी, माळी, महार, मांग यांच्यापैकीं तेथें बसतो कोण? जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुण्याच्या म्युनिसिपालटीचे सभासद होते. ते सरकारनेमणुकीचे, त्यांच्यापाशीं कोणाचीं मुखत्यारपत्रें नव्हतीं. तरीही लॉर्ड लिटन यांच्या स्वागताच्या खर्चास त्यांनीं विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें म्हटलें. एकाजवळ सह्या आहेत पण तो सही करणाऱ्याच्या घरांतला नाहीं. दुसऱ्याजवळ सही एकही नाहीं, पण तो बोलतो तें त्या घरांतलें दुःख आहे. यांपैकीं खरा प्रतिनिधि कोण, हा वाद पुण्यांत त्या वेळीं उपस्थित झाला, आणि दोन्ही बाजूंचा कैवार घेणारे लोक अद्यापि भेटतात. सार्वजनिक काकांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, निदान सही मागण्यास दुसऱ्याच्या दारीं गेलें पाहिजे हें बंधन त्यांनीं आपल्या वर्गावर घातलें. जोतीरावांच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, दारापर्यंत जाणें निराळें आणि त्या मनुष्यास आंत आणून आपल्या शेजारीं बसविणें निराळें.

सभेच्या कामाची पद्धति मात्र पाहण्यासारखी होती. न्यायमूर्ति माधवराव रानडे १८७१ च्या अखेरीस पुण्यास न्यायाधीश होऊन आले, आणि तेव्हांपासून सभेच्या कामास एक निराळेंच वळण लागलें. रानडे सरकारी नोकर असल्यामुळें त्यांचें नांव पुढें येत नसे. सही काकांची किंवा चिटणीसांची, पण मागें बैठक रानड्यांची. एखादा प्रश्न निघाला कीं लगेच गरमागरम भाषणें करून ठराव पास करावयाचे, ही रीत त्यांस मान्य नव्हती. प्रथम पोटसमिति नेमावयाची, तिनें प्रश्नांची यादी करून गांवोगांवच्या माहितगारांकडून उत्तरें मागवावयाचीं, उत्तरें आलीं म्हणजे सरकारचेच अहवाल काढून त्यांतील आंकड्यांशीं तीं ताडून पाहावयाचीं, मग मसुदा, मग तो सभेपुढें, आणि शेवटीं इंग्रजींत लिहिलेला अर्ज. सरकारच्या आंकड्यांनीं सरकारास उत्तर द्यावयाचें, ही युक्ति पुढें दादाभाईंपासून गोखल्यांपर्यंत पुष्कळांनीं चालविली. पण पुण्याच्या या बैठकींत ती नित्याचा व्यवसाय म्हणून होत होती.

१८७२ सालीं सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यास अशीच समिति नेमली. त्या सुमारास दख्खनांतील तालुक्यांतून जमिनीची फेरपाहणी होऊन सारा वाढत होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास आलेला चढा भाव केव्हांच उतरला होता. पण त्या भावाच्या धुंदींत काढलेलें कर्ज आणि त्या तेजीच्या हिशेबानें बसविलेला सारा मात्र उतरला नव्हता. वाढलेला सारा भरण्यास शेतकरी सावकाराकडे जाई, आणि सावकार नवीन खत लिहून घेई. सभेच्या अर्जांतून ही सांखळी कडीकडीनें दाखविलेली आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पाहतां पाहतां तो पुणें व नगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां खतांवर होता. कागद हातीं आले कीं ते जाळावयाचे. ज्या प्रांतांत सहीच्या कागदावर एक सभा उभी होती, त्याच प्रांतांत सहीचेच कागद असे पेटले. १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो या दंग्यांचा परिणाम.

याच वर्षांत, म्हणजे १८७५ सालीं, सभेनें पार्लमेंटकडे एक अर्ज धाडला आणि हिंदुस्थानचे प्रतिनिधि कॉमन्स सभेंत घ्यावे अशी मागणी केली. पर्वतीच्या पंचांचा हिशेब विचारण्यास निघालेली मंडळी पांच वर्षांत कोठवर पोंचली हें यावरून दिसतें. विलायतेंत या अर्जाचा उपयोग झाला नाहीं, हें सांगावयास नकोच.

सभेची खरी कसोटी लागली ती १८७६-७७ च्या दुष्काळांत. पाऊस गेला, विहिरी आटल्या, गुरें कवडीमोलानें विकलीं गेलीं. सरकारी खलित्यांतून परिस्थिति काबूंत असल्याचें कळत होतें. तेव्हां सभेनें आपले लोक निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविले आणि त्यांच्याकडून तालुकावार माहिती आणविली: कोठें किती पीक आलें, धान्याचा भाव काय, किती लोक गांव सोडून गेले, कामावर किती आहेत. ही माहिती वृत्तांताच्या रूपानें एकामागून एक सरकारकडे जाऊं लागली. भाषणांतील अलंकार त्यांत नाहींत. तालुक्याचें नांव आणि त्यापुढें भूक, एवढेंच.

त्यांतच सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या कामावर मुखत्यार म्हणून आले. खर्च आटोक्यांत ठेवण्याची त्यांस वरून ताकीद होती. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराच्या रोजच्या मजुरींत त्यांनीं काट मारली. एका पौंडाचें धान्य, म्हणजे अदमासें अर्धा शेर, आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर त्यानें दिवसभर काम करावें असें ठरलें. १८७७ च्या आरंभीं हजारों मजूर कामें सोडून निघून गेले. दंगा नाहीं, लूट नाहीं. या मजुरीवर काम करणार नाहीं एवढेंच म्हणून ते उठले. संप हा शब्द तेव्हां आपल्याकडे रूढ नव्हता, पण गोष्ट तीच होती. सभेनें या मजुरांची बाजू उचलली आणि सरकारास दाखवून दिलें कीं, तुरुंगांतल्या कैद्यास याहून अधिक धान्य मिळतें. सरदार-सावकारांची म्हणून जिला नांवें ठेवीत, ती सभा त्या महिन्यांत खडी फोडणाऱ्याच्या अर्ध्या शेरावरून मुंबई सरकारशीं भांडत होती. जोतीरावांच्या प्रश्नास हें पुरें उत्तर नव्हे. पण तें बाजूस सारण्यासारखेंही नव्हे.

त्याच दिवसांत, १ जानेवारी १८७७ रोजीं, दिल्लीस दरबार भरला. राजेरजवाडे हत्तींवरून मिरवीत असतां सार्वजनिक काका सभेच्या वतीनें तेथें गेले ते हातीं कांतलेल्या जाड्याभरड्या खादीच्या पोषाखांत. पांच वर्षांपूर्वीं, जानेवारी १८७२ मध्यें, त्यांनीं देशी कापडाचें व्रत घेतलें होतें; दरबाराकरितां तें मोडण्याचें त्यांस प्रयोजन वाटलें नाहीं. लवादाच्या न्यायालयाचा उद्योगही याच सुमाराचा. गांवांतले तंटे गांवांतल्या भल्या माणसांनीं तोडावे, स्टँपाचा व वकिलाचा खर्च वांचावा, असा त्याचा हेतु. आणि वकिलानेंच तो मनांत आणावा हें काकांच्या स्वभावास धरूनच होतें.

सरकारची नजर मात्र वांकडी होत चालली होती. १८७८ सालीं रानडे नाशिकास आणि पुढल्या वर्षीं धुळ्यास बदलले गेले. तरीही १८७८ मध्येंच सभेचें इंग्रजी त्रैमासिक सुरू झालें, आणि चिटणीस सीताराम हरि चिपळूणकर यांच्या देखरेखीखालीं तें नेटानें चाललें. त्यांतील पुष्कळसे लेख रानड्यांचे, पण निनांवी. १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला तेव्हां त्यांचें वकीलपत्र घेण्यास काका उभे राहिले. तें वकीलपत्र घेणें त्या दिवसांत किती जोखमीचें होतें हें वेगळें सांगण्याची जरूर नाहीं. पुढें वर्षभरांतच, २५ जुलै १८८० रोजीं, काका वारले.

येथून पुढें सभेपुढील विषयांत एक नवें प्रकरण येतें, तें उमेदवारांचें. १८८२ च्या मे महिन्यांत लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला आणि १८८४ सालीं मुंबई इलाख्यांत त्याबाबतचे कायदे झाले. आतां म्युनिसिपालटींत व लोकल बोर्डांत लोकांनीं निवडलेले सभासद येऊं लागले. सभेनें या सुधारणेचें मनापासून स्वागत केलें. तिचीच मागणी होती ती. परंतु सुधारणेबरोबर सार्वजनिक बैठकीचा रंगही पालटला. आजवर सभेंत प्रश्न विचारला जाई तो ‘काय मागावयाचें?’ असा, आतां त्याच्या जोडीस ‘कोणास पाठवावयाचें?’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नावर दहा माणसांचें एकमत होऊं शकतें; दुसऱ्यावर दोघांचें होणें कठीण. १८९२ च्या कायद्यानें कायदे कौन्सिलाचें दारही किंचित् उघडलें, आणि लोकल बोर्डांच्या मतांनीं १८९५ सालीं मध्य विभागांतून बाळ गंगाधर टिळक मुंबई कौन्सिलांत गेले. पुढें १८९९ सालीं गोपाळ कृष्ण गोखलेही त्याच मार्गानें गेले.

गोखले १८९० पासून सभेचे चिटणीस होते. रानड्यांच्या तालमींत तयार झालेला हा तरुण एकेक आंकडा तीनदां तपासून मगच कागदावर घाली. टिळकांचा ओढा निराळा. अर्ज लिहिणाऱ्यापेक्षां ज्याच्याकरितां अर्ज लिहावयाचा त्यास जागें करावें, असें त्यांचें मत. सामाजिक सुधारणेचे वाद त्यांत मिसळले, आणि १८९५ च्या जुलैंत सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकींत टिळकपक्षानें बहुमत मिळविलें. ज्या सभेनें मतांचा आणि सह्यांचा पाठ प्रथम घालून दिला, तिनेंच मतांच्या जोरावर आपले जुने मार्गदर्शक दूर केले. यांत नियमबाह्य असें कांहीं नव्हतें. रानडे व गोखले यांनीं १८९६ सालीं डेक्कन सभा या नांवाची निराळी संस्था काढली, आणि एका शहरांत लोकांच्या वतीनें बोलणाऱ्या दोन सभा झाल्या. याबद्दल हळहळणारे लोक पुष्कळ आहेत. परंतु दोन सभा झाल्यामुळेंच पुणेकरांस प्रथम निवड करण्याची पाळी आली, हेंही विसरतां येत नाहीं; पंचवीस वर्षें तिकडे सह्या देणाऱ्यास दुसरें दारच नव्हतें.

सभा हातीं आल्यावर लगेच १८९६ चा दुष्काळ आला. वीस वर्षांपूर्वीं सभेचे लोक खेड्यांत गेले ते माहिती आणण्यास. आतां ते गेले माहिती देण्यास. पहिल्या दुष्काळानंतर सरकारनेंच दुष्काळनिवारणाचे नियम केले होते. ते इंग्रजींत होते आणि कचेरींत होते. सभेनें त्यांचा सारांश मराठींत छापून गांवोगांव वांटला. पीक अमुक आण्यांखालीं गेलें तर साऱ्याची सूट वा तहकुबी मागतां येते, काम मागितल्यास काम द्यावें लागतें, हें चावडीपुढें जमलेल्या शेतकऱ्यांस वाचून दाखविण्यांत येई. हें सरकारास रुचलें नाहीं. १८९७ सालीं सरकारनें सभेस लोकांची प्रतिनिधि म्हणून मानण्याचें बंद केलें आणि तिच्या अर्जांस उत्तर देणेंही सोडून दिलें.

सत्तावीस वर्षांपूर्वीं ज्या प्रश्नासाठीं मुखत्यारपत्रें जमविलीं, तोच प्रश्न सरकारनें पुन्हां विचारला होता. या वेळीं सभेनें सह्यांचें दप्तर पुढें केलें नाहीं. तिचे लोक नियमांचे मराठी कागद घेऊन पुढल्या गांवास गेले.